फोन काढून घेतला, पण हातात काय दिलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कापूस वेचणीच्या दिवसांतली गोष्ट. आम्ही दोघं नवराबायको दिवसभर वावरात होतो, मुलगी मामाकडे गेली होती. संध्याकाळी परतलो तर आठवीतला मुलगा उपाशी. टोपल्यातल्या भाकरी संपलेल्या. घरात पीठ, तुरीची डाळ, गॅस सगळं होतं, पण त्याला साधा कुकर लावता येत नव्हता. हाच मुलगा बाजार समितीचे भाव क्षणात काढून देतो, ई-पीक पाहणीच्या सरकारी ॲपवर पिकाचा फोटो टाकून नोंद करतो, विहिरीवरची मोटर घरून मोबाइलवर चालू करतो. मोटरनं पाणी ओढणं सोडलं तर पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह बघावा लागतो, हे मात्र त्याला ठाऊक नाही.

रागानं मी फोन कपाटात ठेवला. तीन दिवस पोरगा नुसता खाटेवर पडून होता. त्याला करण्यासारखं दुसरं काही येतच नव्हतं. कापसानं आमचे जे हाल केले ते बघून वाटायचं, पोरानं या मातीत हात घालू नये. म्हणून 'तू फक्त अभ्यास कर' म्हणत राहिलो. त्याच्या धाकट्या बहिणीला मात्र मीच पाचवीत भाकरी थापायला बसवलं. ही चूक माझी आहे आणि ती मला फार लागली आहे.

नोव्हेंबर 2022 मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या बान्सी गावानं 18 वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. त्यांची काळजी मला पटते. पण रिकाम्या हातांना काम कोण देणार? 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हातकामातून शिक्षण मांडलं, तेही या कापसाच्या मुलखात. आता 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत. ते दिवस मुलांनी गावातल्या सुताराकडे, मोटर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे, बचत गटाच्या बायांकडे काढावेत. मुलामुलींनी, दोघांनीही. शाळा व्यवस्थापन समित्यांनी एवढं मनावर घ्यावं, ही कळकळीची विनंती.

आमच्या घरी आता रविवारचा स्वयंपाक मुलाकडे आहे. पहिल्यांदा वरण करपलं, तरी आम्ही सगळ्यांनी खाल्लं. तो चुलीपाशी असतो तेवढा वेळ फोन बहिणीच्या हातात असतो. आजवर फोनसाठी तिचा नंबर कधी लागलाच नव्हता.

– एक आई, ता. दारव्हा, जि. यवतमाळ