विषय: गॅरेजमधल्या वर्कशॉपसाठी दिलेला चुकीचा प्रकाश आराखडा आणि त्यावर ग्राहकसेवेने दिलेली उत्तरं

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहकसेवा व प्रकाश नियोजन विभाग

महोदय,

आत्ताच तुमच्या ग्राहकसेवेशी बोलणं संपलं. संपलं म्हणजे समोरून फोन ठेवला गेला. म्हणून आता लेखी तक्रार करतो आहे. दिव्यातून निघणारा एकूण उजेड म्हणजे लुमेन आणि एका चौरस मीटरवर पडणारा उजेड म्हणजे लक्स, हे तुम्हाला सांगत बसत नाही, तो तुमचाच धंदा आहे. तुमच्या नियोजन विभागाने पैसे घेऊन मला पाठवलेला आराखडा समोर उघडा आणि मग पुढचं वाचा.

गॅरेज 6 मीटर लांब, 3.6 मीटर रुंद, छत 2.7 मीटरवर. ही मापं, सुतारकामाचं टेबल कोणत्या भिंतीला आहे, टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत) कुठे, लेथ (लाकूड फिरवून घडवायचं यंत्र) कुठे, दरवाजा कसा उघडतो, सगळं मी तुमच्या फॉर्ममध्ये भरलं होतं. फोटोही जोडले होते. त्यावर आलेला आराखडा असा: छताच्या बरोबर मधोमध, लांबीला धरून, प्रत्येकी 4,000 लुमेनच्या तीन बॅटन, म्हणजे लांब पट्टीसारखे दिवे, एका ओळीत. खाली ठळक अक्षरांत ‘555 लक्स, वर्कशॉपसाठी योग्य’. पायवाटेला किंवा गाडी लावायच्या जागेला असा आराखडा चालेल. जिथे करवत फिरते तिथे चालत नाही.

हा 555 आकडा आला कुठून ते मी शोधून काढलं. 12,000 लुमेनला 21.6 चौरस मीटरने भागलं, झालं. म्हणजे बॅटनमधून निघालेला सगळा उजेड थेट टेबलावर पडतो, भिंती आणि छत त्यातलं काही खात नाहीत आणि भुशाचा थर बॅटनवर कधी बसत नाही, असं तुमच्या विभागाने धरून चाललेलं आहे. उपयोग गुणांक (निघालेल्या उजेडातला किती भाग कामाच्या जागेवर पोहोचतो) आणि देखभाल गुणांक (धूळ बसल्यावर त्यातला किती उरतो) लावायचे असतात हे प्रकाश नियोजनातलं पहिलं पाऊल आहे. भिंती-छत पांढरे आहेत असं समजून 0.6 आणि भुशासाठी 0.8 धरा, दोन्हींचा गुणाकार 0.48. 12,000 गुणिले 0.48 भागिले 21.6, उत्तर येतं 267 लक्स. जाहीर केलेल्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी. ईएन 12464-1 या युरोपीय मानकात सुताराच्या टेबलावर जुळणीच्या कामाला 300 आणि लाकूडकामाच्या यंत्रांवर 500 लक्स सांगितले आहेत. तुमचा आराखडा टेबलालाही पुरत नाही, मग यंत्रांचं काय? 500 लक्स हवे असतील तर 22,500 लुमेन लागतात, म्हणजे याच बॅटन सहा. बरोबर हिशेब केला असता तर तुमचा माल दुप्पट खपला असता, आणि मी तो आनंदाने घेतला असता. स्वतःच्या फायद्याचं गणितसुद्धा जिथे कोणी तपासून पाहत नाही, तिथे माझ्या बोटांची काळजी कोण करणार?

आकडा बाजूला ठेवू. बॅटन कुठे लावायच्या, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. माझं टेबल लांबीच्या भिंतीला लागून आहे, हे फॉर्ममध्ये लिहिलेलं आहे, फोटोत दिसतं आहे. टेबलाशी उभं राहिलं की तोंड भिंतीकडे आणि तुमची एकुलती एक ओळ पाठीमागे. म्हणजे माझीच सावली माझ्या कामावर. गुण्या लावून गडद लाकडावर सुरीने रेघ मारली, की ती रेघ केसाएवढी बारीक असते. पटाशीची धार त्या रेघेत बसवायची असते. अलीकडे गेली तर सांधा घट्ट बसतो, पलीकडे गेली तर फट राहते आणि ती फट फर्निचर जाईपर्यंत दिसत राहते. नेमक्या त्या रेघेवर माझ्या डोक्याची सावली पडते. डोकं बाजूला घेतलं तर खांद्याची पडते. उजेड टेबलाच्या पुढच्या कडेवर, डोकं आणि भिंत यांच्या मधून यायला हवा. एक ओळ तिथे, दुसरी समोरच्या बाजूला, म्हणजे एका ओळीने पाडलेली सावली दुसरी पुसून टाकते. सुतारकाम करणारा कोणीही हे सांगेल. तुमच्या विभागात एकालाही फोटो पाहून हे सुचलं नाही.

आता दरवाजा. माझ्या गॅरेजचा दरवाजा वर सरकून छताला समांतर आडवा होतो. हेही फॉर्ममध्ये लिहिलं होतं. ‘दरवाज्याचा प्रकार’ असा रकानाच तुमच्या फॉर्ममध्ये आहे, मी तयार केलेला नाही. दार उघडलं की छताखाली साधारण फूटभर अंतरावर दोन मीटरहून लांब फळी पसरते. तुमची पहिली बॅटन दारापासून मीटरभर अंतरावर आहे, म्हणजे ती पूर्णपणे त्या फळीच्या वर. दार उघडलं की एक तृतीयांश उजेड गुल. आणि मी टेबल सॉ दार उघडं ठेवूनच चालवतो, कारण लांब फळ्या चिरताना त्यांचं टोक बाहेर जातं आणि भुसाही बाहेर पडतो. म्हणून तर सॉ दाराजवळ आहे. सगळ्यात धोक्याचं यंत्र जिथे, तिथेच अंधार. दाराकडच्या बॅटन रुळांच्या बाहेर, बाजूच्या भिंतींलगत घ्यायच्या, एवढाच यावर उपाय होता. रकाना ठेवायचा आणि त्यात भरलेलं वाचायचं नाही, याला नियोजन म्हणत नाहीत.

शिवाय आराखड्यात दिव्यांची वायर यंत्रांच्या प्लगच्याच सर्किटवरून काढलेली दाखवली आहे. लाकूड अडकून सॉवर भार आला आणि एमसीबी पडला, तर दिवेही जाणार. पातं मात्र लगेच थांबत नाही, ते फिरत राहतं, आणि मी अंधारात त्याच्यासमोर उभा. दिव्यांना स्वतंत्र सर्किट हवं. माझ्या वायरमनने आराखडा हातात घेताक्षणी पहिला प्रश्न हाच विचारला.

हे सगळं मी तुमच्या ग्राहकसेवेला पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात, प्रत्येक वेळी ‘तुमची तक्रार वरिष्ठांकडे पाठवली आहे’. वरिष्ठ म्हणजे तुम्हीच असाल तर ती तुमच्यापर्यंत का पोहोचली नाही याचाही खुलासा करा.

आजच्या फोनबद्दल मात्र सविस्तर लिहिणार आहे, कारण तो माझ्या डोक्यातून जात नाही. मी लेथबद्दल विचारत होतो. लाकूड खरवडताना माझा लेथ बहुतेक वेळा मिनिटाला 1,500 फेऱ्यांवर असतो, म्हणजे सेकंदाला 25. 50 हर्ट्झच्या विजेवर ज्या दिव्याचा ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारा आतला भाग) साधा असतो त्याचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. 25 फेऱ्या आणि 100 उसळ्या, म्हणजे प्रत्येक उसळीला पाव फेरी. माझा चक, म्हणजे लेथवर लाकूड पकडणारा फिरता भाग, चार जबड्यांचा आहे. पाव फेरीनंतर एका जबड्याच्या जागी दुसरा जबडा येतो, आणि फिरणारा चक थांबल्यासारखा दिसू शकतो. ही कल्पना नाही. ट्यूबलाइटच्या काळापासून कारखान्यांत हा धोका माहीत आहे, म्हणून तिथे शेजारशेजारचे दिवे वेगवेगळ्या फेजवर घेत असत. मी तुमच्या प्रतिनिधीला एकच साधी माहिती विचारली: या बॅटनच्या उजेडात 100 हर्ट्झला चढउतार किती टक्के आहे? आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या 1789 क्रमांकाच्या, 2015 सालच्या शिफारशीनुसार 100 हर्ट्झला तो 8 टक्क्यांच्या आत असला तर धोका कमी. तुमच्या खोक्यावर नुसतं ‘फ्लिकर-फ्री’ छापलं आहे, आकडा नाही.

प्रतिनिधी म्हणाले, “सर, फ्लिकर-फ्री आहे म्हणजे फ्लिकर नाही.”

मी म्हटलं, मग आकडा सांगा.

“सर, तुम्हाला डोळ्यांनी लुकलुकताना दिसतंय का?”

मी म्हटलं, नाही, आणि तोच तर धोका आहे. 100 हर्ट्झ डोळ्याला जाणवत नाही, म्हणूनच माणूस फसतो.

त्यावर ते म्हणाले, “दिसत नाही ना सर, मग प्रॉब्लेम काय आहे?”

मी चकाचं सगळं पहिल्यापासून समजावलं. जबडे, फेऱ्या, पाव फेरी. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही, म्हणून मला वाटलं की ऐकताहेत. माझं बोलून झाल्यावर म्हणाले, “पण सर, लेथ चालू आहे की बंद हे स्विच बघून कळतं ना?”

मला क्षणभर उत्तरच सुचलं नाही. फिरत्या यंत्राजवळ काम करणारा माणूस हात पुढे करण्याआधी स्विचकडे नाही, यंत्राकडे बघतो. स्विच बंद केल्यावरही चक फिरतच असतो, हळू होत जातो, आणि वेग उतरताना तो वेगवेगळ्या क्षणी थांबल्यासारखा भासतो. हेही मी सांगितलं. शांतपणे सांगितलं. मग त्यांनी विचारलं, “सर, हे घरचं गॅरेज आहे ना? कारखाना नाही ना? हौस म्हणून करता ना तुम्ही? मग एवढं कशाला बघता?”

महोदय, मी हौस म्हणून करतो. संध्याकाळी कामावरून आल्यावर करतो, आणि जीव ओतून करतो. करवतीला समोरचा माणूस हौशी आहे की पोटासाठी काम करतो हे कळत नाही. कारखान्यात निदान सुपरवायझर असतो, शेजारी दुसरा कामगार असतो. घरच्या गॅरेजमध्ये मी एकटा असतो. ‘एवढं कशाला बघता’ हे वाक्य दिवे विकणाऱ्या कंपनीच्या माणसाने दिवे घेणाऱ्या माणसाला म्हणावं, याचा मला अजूनही संताप येतो आहे. मी वरिष्ठांशी बोलायची मागणी केली. गाणं वाजायला लागलं, बराच वेळ वाजलं, आणि फोन कटला.

एकट्या त्या मुलाला दोष देऊन हात झटकू नका. त्याच्या पडद्यावर जे लिहिलेलं होतं ते तो वाचत होता. ते कोणीतरी लिहून दिलं आहे, आणि त्या फॉर्ममधला दरवाज्याचा रकाना न वाचता आराखडाही कोणीतरी पास केला आहे.

आमच्या घरात अनेक वर्षं तुमचेच दिवे आहेत. स्वयंपाकघरातली जुनी पट्टी तुमची, जिन्यातला दिवा तुमचा. गॅरेज करायचं ठरलं तेव्हा दुसरीकडे चौकशीसुद्धा केली नाही, कारण तुमचं नाव पुरेसं वाटलं. ते आता वाटत नाही, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतं आहे.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. माझा फॉर्म आणि फोटो खरोखर वाचून, उपयोग व देखभाल गुणांक धरून, दरवाजा उघडा असतानाचा आणि बंद असतानाचा असे दोन्ही हिशेब दाखवणारा नवा आराखडा द्या, आणि त्यावर तो करणाऱ्या अभियंत्याची सही हवी. दिव्यांचं सर्किट त्यात वेगळं दाखवा. बॅटनमधला 100 हर्ट्झचा चढउतार किती टक्के, हे लेखी कळवा. आकडा 8 टक्क्यांच्या वर असेल तर तिन्ही बॅटन परत घेऊन पूर्ण पैसे द्या. चुकीच्या आराखड्याची फी कोणत्याही परिस्थितीत परत हवी आहे. आणि आजच्या संभाषणाचं रेकॉर्डिंग जपून ठेवा, कारण ‘गुणवत्तेसाठी हा कॉल रेकॉर्ड होत आहे’ असं सुरुवातीला तुमच्याच यंत्राने सांगितलं होतं.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मी ग्राहक न्यायालयात जाणार. आराखडा, फॉर्मची प्रत, फोटो आणि बिलं एकत्र करून ठेवली आहेत. माझ्यासारखे घरी लाकूडकाम करणारे बरेच जण मला ओळखतात आणि काय घ्यावं ते विचारतात. हा 555 चा हिशेब मी त्या प्रत्येकाला दाखवणार आहे.

वायरमनचं काम थांबवून ठेवलं आहे. छतावर खुणा केलेल्या तशाच आहेत आणि टेबल सॉवर मी कापड टाकून ठेवलं आहे. पुरेसा उजेड होईपर्यंत ते यंत्र सुरू करणार नाही.

आपला,
एक ग्राहक

ता. क. मला फोन करू नका. उत्तर लेखी द्या, आणि ‘दरवाज्याचा प्रकार’ या रकान्यात मी काय लिहिलं होतं ते त्यात पहिल्या ओळीत नमूद करा.