नकाशातला जंजिरा कुणी बुडवला?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

मागच्या रविवारी पुरवणीत जलदुर्गांवरचा लेख आवडला पण सोबतचा नकाशा बघून हसावं की रडावं कळेना. जंजिऱ्याचा लाल ठिपका नुसताच पाण्यात, खाली बेटच नाही, सुवर्णदुर्गाची तीच गत, आणि दाभोळची खाडी तर तोंडाशीच बुजवून टाकलेली. नकाशा काढणाऱ्याला मी नावं ठेवत नाहीये, कारण हाच घोळ मी स्वतः घातलाय आणि तोही आमच्या गावच्या शाळेतल्या मुलांसमोर, म्हणून म्हटलं जरा सविस्तर लिहावं.

होतं काय, किनाऱ्याचा डेटा नेटवर फुकट मिळतो पण तो एकच नसतो. पॉल वेसेल आणि वॉल्टर स्मिथ या दोघांनी १९९६ साली जगभरच्या किनाऱ्यांचा जो संच जाहीर केला (जीएसएचएचजी म्हणतात त्याला) त्यात फुल, हाय, इंटरमीजिएट, लो आणि क्रूड असे पाच दर्जे आहेत, आणि एकेक पायरी खाली उतरलं की साधारण ८० टक्के माल कमी होतो. कमी करायची रीत १९७३ची, डग्लस आणि प्यूकर या दोघांची. किनाऱ्याच्या रेघेवरचे दोन लांबचे बिंदू सरळ रेषेने जोडायचे, मधला बिंदू त्या रेषेपासून फार लांब नसेल तर उडवायचा. जगाच्या नकाशाला हे झकास चालतं, पण कोकणात सगळी गंमतच त्या उडवलेल्या बिंदूंमध्ये आहे ना! खाड्या आधी जातात आणि जंजिऱ्यासारखं जेमतेम २२ एकरांचं बेट कधी गेलं ते कळतही नाही.

मग मी शहाणपणा करून सरळ फुल घेतलं तर कॉम्प्युटर जो अडकला तो चहा पिऊन आलो तरी तसाच. का, तर मी त्याला गुहागर दाखव म्हणत होतो आणि तो बिचारा अलास्कापासूनचा प्रत्येक बिंदू तपासत बसलेला. यावरचा तोडगा मला फार आवडला. जीएमटी नावाच्या नकाशांच्या प्रोग्रॅममध्ये हाच डेटा चौकोनांत कापून ठेवलेला असतो, फुलसाठी एक अंश बाय एक अंश. म्हणजे अख्ख्या जगाचे ६४,८०० चौकोन, आणि आपला डहाणू ते वेंगुर्ला किनारा बसतो अक्षांशाच्या १५ ते २० आणि रेखांशाच्या ७२-७३ या खान्यांत, म्हणजे फक्त १२ चौकोन! बाकीच्यांना हातच लावायचा नाही. शिवाय बिंदूची जागा चौकोनाच्या कोपऱ्यापासून मोजायची असल्याने आकडेही छोटे, दोन बाइटांत मावतात, तरी चूक दोन मीटरच्या आतच राहते.

आता सोलापूरकडचा चौकोन घ्या, किंवा भर अरबी समुद्रातला. दोन्हीकडे किनाऱ्याची एकही रेघ नाही, मग रंग कुठला भरायचा, जमिनीचा की पाण्याचा? म्हणून प्रत्येक चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर खूण ठेवलेली असते, इथे जमीन, इथे समुद्र. ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे लोकांनीच मिळून काढलेला नेटवरचा फुकट नकाशा, त्यांची रीत वेगळी, तिथे रेघ काढताना जमीन नेहमी डाव्या हाताला ठेवायची, म्हणजे आपला किनारा डहाणूकडून वेंगुर्ल्याकडे काढत जायचा, आणि कुणी एक तुकडा उलटा काढून ठेवला तर जमीन आणि समुद्राची अदलाबदल!

जाता जाता, आपल्या राज्याचा किनारा ७२० किमी म्हणून आम्ही शाळेत पाठ केलं आणि आता सरकारी आकडा ८७७.९७ आलाय, त्यावर तुमच्याच पत्रांच्या सदरात कुणीतरी ‘किनारा रबराचा आहे का’ असं विचारलं होतं. अहो मोजपट्टी बदलली. देशाचा ७,५१६ किमी हा जुना आकडा ४५ लाखास १ अशा (म्हणजे कागदावरचा एक सेंमी प्रत्यक्षात ४५ किमी) नकाशावरचा होता, नवा ११,०९८ किमीचा अडीच लाखास १ वरचा, मग खाड्यांचे आतबाहेर सगळे वळसे मोजले जाणारच. स्केल न सांगता नुसती लांबी सांगणं म्हणजे पायली की शेर ते न सांगता तांदूळ किती ते सांगण्यासारखं झालं.

तर विनंती एवढीच की नकाशा छापताना कोपऱ्यात बारीक अक्षरांत डेटा कुठला आणि दर्जा कुठला ते टाकत जा. आणि जलदुर्गांचा तो नकाशा पुन्हा कधी वापरणार असाल तर फुलच घ्या, त्यातही जंजिरा नाही सापडला तर ओपनस्ट्रीटमॅपवरून तेवढं बेट उचला, पण ठिपका पाण्यात नको.

आपला,
एक वाचक, गुहागर