वळशावरचा शिक्का

सातारा,
गुरुवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय सुध्या,

आधी शिव्या देऊन घे. अण्णांच्या वर्षश्राद्धाला आलो नाही, फोन केला नाही, दिवाळीत ‘निवांत बोलू’ असा मेसेज टाकला आणि तो निवांतपणा अजून उगवला नाही. सगळं मान्य. पण आज लिहितोय ते माफीसाठी नाही. रविवारी एक प्रकार झालाय. तो मंजूला सांगून उपयोग नाही, ओंकारला तर सांगताच येत नाही. उरलास तू.

तब्येतीचं उरकून टाकतो. तीन महिन्यांची शुगर ६.३ आली होती, ती आता ५.८ आहे. बाकी ठीक.

तर मी पळालो. हसू नकोस. आपली हिल हाफ मॅरेथॉन, यवतेश्वरचा घाट चढून कास रस्त्याला वळसा आणि परत. २१ किलोमीटर आणि वर ९७.५ मीटर. हे साडेसत्त्याण्णव मीटर कुठून आले म्हणून ओंकारला विचारलं, तर म्हणाला, १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये राजवाड्यापासून शर्यत सुरू केली तेव्हा अंतर ४२.१९५ भरलं, पुढे तेच पूर्ण मॅरेथॉनचं ठरलं, तिचं हे निम्मं. म्हणजे इंग्रज गेले तरी शेवटचे शंभर मीटर आपल्याला पळवतायत. २०१५ ला एका डोंगरावर सर्वांत जास्त माणसं पळाली म्हणून गावाचं नाव गिनीजमध्ये गेलं, तेव्हा मी रस्त्याकडेला छत्री धरून टाळ्या वाजवत होतो. तुला फोनवर म्हणालोही होतो, ‘ह्या लोकांना रविवारी घरी कुणी उभं करत नाही काय?’

सुरुवात शुगरनेच झाली. डॉक्टर म्हणाले चाला. शाहू स्टेडियमवर चालायला लागलो आणि तिथे कदमकाकांच्या तावडीत सापडलो. पोस्टातून निवृत्त, वय ६४, अंगाने वाळलेल्या शेंगेसारखे. म्हणाले, ‘गुरुजी, एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं आठ वेळा. जास्त केलंत तर उद्या येऊ नका.’ पहिलं एक मिनिट पळालो आणि छातीत लोहाराचा भाता. अरे, एक मिनिट! मी वर्गात एका श्वासात त्याहून जास्त ओरडतो. पण त्यांचा नियम चांगला होता. पळताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे, दम लागून बोलणं तुटलं की वेग जास्त झाला. बोलण्याचं म्हणशील तर तुला माहीतच आहे. त्या एका विषयात मी पहिल्या दिवसापासून हाफ मॅरेथॉनच्या तयारीचा होतो.

फेब्रुवारीत न थांबता ५ किलोमीटर झाले. मग हावरटपणा केला, एकाच आठवड्यात ५ चे ९ केले आणि नडगीचं हाड असं ठणकायला लागलं की तीन आठवडे जिना उतरताना कठडा धरून. काका रागावले नाहीत, नुसते म्हणाले, ‘दम लवकर वाढतो गुरुजी, हाडाला वेळ लागतो.’ तिथून शहाणा झालो. रविवारची लांब पळ दर वेळी किलोमीटर-दीड किलोमीटरने वाढवायची, चौथ्या रविवारी कमी करायची. जूनपासून घाट. चढाला दोन खांब पळायचं, एक खांब चालायचं. आणि सुती बनियन घालून पावसात १४ किलोमीटर पळू नये, हे ज्ञान मला कुठे आणि कसं झालं ते मी कागदावर लिहिणार नाही. आता चिकटपट्ट्या लावतो. मंजूने एकदा लावताना पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून हसत बसली. डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय, उतरेल म्हणतात. ऑगस्टमध्ये १८ झाले, आणि शेवटचे दोन आठवडे काकांनी जवळजवळ घरीच बसवलं.

हे सगळं तुला का सांगतोय, तर दहा महिने मी काय काय केलं हे एका तरी माणसाला नीट माहीत असावं. का ते पुढे कळेल.

रविवार. परेड ग्राउंडवर अंधारातच गर्दी. समर्थ मंदिरापर्यंत दोन्ही बाजूंना माणसं, ढोल, लेझीम, पोरांचे पुढे केलेले हात. मग घाट लागला आणि आवाज खाली राहिला. धुकं एवढं की पुढच्याचे बूट दिसायचे, माणूस नाही. नुसता शेकडो बुटांचा ओल्या डांबरावरचा चपचप आवाज. त्यात मोबाईलचं पाउच मागे कुल्ल्यावर आपटत होतं, म्हणून फिरवून पोटावर घेतलं. ही ओळ लक्षात ठेव.

वळशाला रस्त्यावर चटई अंथरलेली असते. छातीवरच्या नंबराच्या मागे एक चिप चिकटवलेली असते. चटईवरून गेलं की ती वाजते, तू इथवर आलास अशी नोंद होते. पींपीं पींपीं सारखं चालू होतं, त्यात माझं कुठलं ते कळायला मार्ग नव्हता. एका पोराने मीठ लावलेली संत्र्याची फोड हातावर ठेवली. ती खाल्ली आणि मी काय केलं असेल? तळहात पाहिला. आईशप्पथ.

उतारावर मांड्यांचे तुकडे पडले. चढ दम खातो, उतार मांस खातो, हे कुणी सांगितलंच नव्हतं. २ तास ५१ मिनिटांनी पोहोचलो. मेडल गळ्यात पडलं, कदमकाकांनी पाठीत धपाटा घातला, आणि मी एका अनोळखी कराडकराच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो. तोही रडत होता. त्याचं कारण विचारायचं राहिलं.

संध्याकाळी ओंकारने निकाल उघडला. सुरुवातीची नोंद आहे, शेवटची आहे, मधली नाही. वळशाच्या रकान्यात आडवी रेघ. प्रमाणपत्र उघडत नाही. चूक कुणाची? माझीच. नंबर देतानाच त्यांनी बजावलं होतं, घडी घालू नका, वर काही बांधू नका. आणि मी त्या चिपवर मोबाईलची वीट बांधून वळशावरून गेलो. उतारावर पोटात कळ आली म्हणून पाउच परत मागे सरकवलं, त्यामुळे शेवटची चटई वाजली. आता संगणकाच्या दृष्टीने मी म्हणजे घाटात कुठेतरी दगडावर बसून राहिलेला आणि परतणाऱ्या लोकांत मिसळून खाली आलेला इसम.

वाच परत. दगडावर बसलेला. परतणाऱ्या लोकांत मिसळलेला.

शाळेच्या क्रॉसकंट्रीत, माहुलीच्या रस्त्यावर त्या दिवशी माझ्या बरगडीत खरंच कळ आली होती, सुध्या. एवढं मी तेहतीस वर्षं सांगतोय आणि तू तेहतीस वर्षं ‘बरं’ म्हणतोस. मी वडाखाली बसलो. तू संगमावरून परत येत होतास, घामाने निथळत, आणि मूर्खासारखा थांबलास. ‘ऊठ’ म्हणून हात दिलास. शिट्टीसरांनी वळशाला मारलेला जांभळा शिक्का तुझ्या ओल्या तळव्यावर वाळलाच नव्हता. मी उठलो तेव्हा तो माझ्या हातावर होता. मी तो मुद्दाम घेतला नाही. पण पुसलाही नाही. आणि शेवटच्या वळणावर, बसून ताजातवाना झालेला मी, तुझ्या पुढे गेलो. सरांनी लांबून जांभळं बघितलं आणि पुढे ढकललं. तू मात्र माझा हात धरून उलटा केलास आणि एकच वाक्य बोललास, ‘अक्षरं उलटी आलीत.’ त्यानंतर होळीपर्यंत तोंडातून शब्द नाही. मला तिसरा, तुला चौथा. चौथ्याला तेव्हा टाळ्यासुद्धा नव्हत्या.

तू सरांना का सांगितलं नाहीस? हे मी आजवर विचारलं नाही. आणि उलट त्या दीडशे रुपयांवरून तुझ्या लग्नात तुझ्याशी भांडलो. (ते तू अजून दिलेले नाहीस, पण ते जाऊ दे.)

आता खरी पंचाईत. ओंकारने आयोजकांना मेल लिहिलाय. लिहून मला मोठ्याने वाचून दाखवला, मी भाकरी खात होतो. ‘माझ्या बाबांनी आयुष्यात कधी शॉर्टकट घेतलेला नाही. शाळेत असताना ते क्रॉसकंट्रीत तिसरे आले होते.’ घास घशात बसला. मंजूला वाटलं भाकरी कोरडी झाली.

पोरगं पंधरा वर्षांचं आहे. ही तिसऱ्या नंबराची गोष्ट त्याला मीच सांगितली, तो सहावीत धावण्याच्या शर्यतीत शेवटचा आला होता तेव्हा. पाठीवर हात फिरवत काय वाटेल ते बोलतो आपण. त्याने ती जपून ठेवली असेल असं वाटलं नव्हतं. त्याला म्हटलं, जाऊ दे रे, मेडल आहे ना. तर चिडला. म्हणे, ‘तुम्ही खरे आहात तर का सोडायचं?’ मी परीक्षेच्या हॉलमध्ये पोरांच्या बाहीतून चिठ्ठ्या काढणारा माणूस. मला उत्तर आलं नाही.

मेल पाठवू द्यावा तर ते वाक्य जातं. वाक्य काढ म्हणावं तर तो कारण विचारणार. कारण सांगावं तर… सांगावंही वाटतं कधीकधी. पहाटे स्टेडियमवर तर अगदी वाटतं. माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या फायनलपर्यंत गेली, तिच्या जिल्ह्यातला मी, एक आडवी रेघ घेऊन चार रात्री जागा आहे. पण ती गोष्ट माझ्या एकट्याची नाही. तिसरा तुझा होता. तुझं न सांगणंही त्यात आहे. तुला न विचारता सांगितली तर पुन्हा तुझाच हात धरून उठल्यासारखं होईल.

तुझं काय? बदली रत्नागिरीलाच झाली का? काकूंचा दुसरा डोळा झाला असेल. सोनलच्या ॲडमिशनचं कळव. आणि कंबरेला तो पट्टा लावतोस की नुसता खुंटीला आहे?

मेल अजून तसाच पडून आहे. ओंकार रोज विचारतो, ‘पाठवू ना बाबा?’ काल म्हटलं, थांब, सुध्याकाकाला विचारून सांगतो. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, ‘त्यांचा काय संबंध?’

फोन नको करूस, घरात सगळे असतात. लिही.

तुझा,
दिग्या

ता. क. तो तिसऱ्या नंबराचा स्टीलचा पेला अजून आहे. कोरलेली अक्षरं अर्धी झिजलीत, मंजू त्यात लाटणं आणि झारा उभा करून ठेवते. हवा असला तर येऊन घेऊन जा. कुरिअर करणार नाही.