पुडीवर मराठीत इशारा नाही : केसांच्या काळ्या रंगाबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार अधिकारी,
संबंधित केशरंग उत्पादक कंपनी

विषय : 'काळी मेंदी' या पुडीमुळे झालेली इजा व अपुरी सूचना

महोदय,

मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्याची रहिवासी असून एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकते. स्नेहसंमेलनासाठी मी १८ जानेवारी रोजी गावातल्या किराणा दुकानातून आपल्या कंपनीची १५ रुपयांची पुडी घेतली आणि वसतिगृहातील मैत्रिणीसोबत निम्मी-निम्मी लावली. तिसऱ्या दिवशी सकाळी माझे डोळे सुजून मिटले होते आणि कानामागची कातडी चिघळून पाणी येत होते. ग्रामीण रुग्णालयातून मला यवतमाळला पाठवले गेले. प्रात्यक्षिक परीक्षा बुडाली. मैत्रिणीला काहीही झाले नाही.

आपल्या ग्राहक सेवा क्रमांकावर ही हकिकत सांगितली असता, 'आधी चाचणी करायला हवी होती, ती माहितीपत्रकात दिली आहे' एवढेच उत्तर मिळाले. माझी तक्रार नेमकी या उत्तराविषयी आहे. आमच्याकडे दुकानात पुड्यांची लड टांगलेली असते आणि दुकानदार त्यातली एक फाडून देतो. मूळ खोके मी नंतर मुद्दाम मागून पाहिले, तेव्हा बारा पुड्यांमागे एकच पत्रक निघाले, तेही इंग्रजी व हिंदीत. पुडीमागचा बारीक इंग्रजी इशारा तर फाडायच्या रेघेवरच छापलेला असल्याने पुडी उघडताच अर्धा जातो.

सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार अशा रंगाने त्वचेला त्रास होऊ शकतो, म्हणून आधी चाचणी करावी, तसेच भुवया-पापण्यांना लावल्यास अंधत्व येऊ शकते, हा इशारा इंग्रजीसोबत स्थानिक भाषेतही छापणे बंधनकारक आहे. कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूस थोडा रंग लावून चोवीस तास थांबण्याची कृतीही पाकिटासोबत द्यावी लागते, आणि ही चाचणी दर वेळी करायची असते. याआधी दोनदा हाच रंग लावून काही न झाल्यामुळे तो मला मानवतो, असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात या रंगातल्या पॅरा-फेनिलीनडायअमीन या रसायनाची ॲलर्जी आधीच्या वापरातून अंगात तयार होऊन पुढे केव्हाही उफाळू शकते, असे त्वचारोगतज्ज्ञांनी मला समजावले.

पुडीच्या दर्शनी बाजूला मेंदीची पाने आणि 'अमोनियामुक्त' हा शब्द मात्र ठसठशीत मराठीत आहे. निव्वळ मेंदीने केस तांबूस होतात. अर्ध्या तासात ते काळेभोर होतात ते या रसायनामुळे, आणि अमोनिया वगळला म्हणून हे रसायन वगळले जात नाही. रसायनशास्त्र शिकूनही मला हे सुचले नाही, याची लाज वाटतेच. पण माझी आई आणि तिच्यासोबत कापूस वेचायला जाणाऱ्या बाया याच पुड्या वापरतात, आणि वाटीत उरलेला रंग भुवयांना लावणाऱ्या मुली मी वसतिगृहात पाहिल्या आहेत.

तरी प्रत्येक पुडीवर, फाडण्याच्या जागेपासून दूर, मराठीत इशारा व चाचणीची कृती छापावी, पुडीवरील मेंदीची पाने काढावीत आणि माझ्या उपचाराचा व प्रवासाचा २,३४० रुपयांचा खर्च द्यावा. तीस दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे व अन्न व औषध प्रशासनाकडे दाद मागेन.

रुग्णालयाची कागदपत्रे आणि पुडीवरील बॅच क्रमांकाचे छायाचित्र सोबत जोडले आहे. फाटलेली पुडी मी जपून ठेवली आहे.

आपली,
तक्रारदार विद्यार्थिनी