जुना पार्ट ग्राहकाच्या हातात द्या

महोदय,

दसऱ्याला आणि पाडव्याला पुण्यात किती नव्या दुचाकी रस्त्यावर आल्या, याचा आकडा वर्तमानपत्रांत दरवर्षी येतो. सोबत हार घातलेली गाडी, पेढ्यांचा बॉक्स आणि चावी हातात धरून हसणारं कुटुंब असा फोटो. त्या फोटोच्या आधी शोरूमच्या टेबलावर काय झालं आणि नंतर सर्व्हिसिंगला काय होतं, ते कोणी छापत नाही. म्हणून हे पत्र.

मी कर्वेनगरला राहते. भोसरीतल्या एका कारखान्यात इनकमिंग इन्स्पेक्शनला होते, आता निवृत्त आहे. बाहेरून आलेला माल मोजायचा, ड्रॉइंगशी ताडायचा, पास किंवा रिजेक्ट लिहायचं, हे माझं काम. रिजेक्ट लिहिलं की कारण लिहावंच लागे आणि तो नग लाल टॅग लावून बाजूला ठेवावा लागे. पुरवठादाराचा माणूस तावातावाने आला की नग त्याच्या हातात द्यायचा आणि मापायचं व्हर्नियर पुढे करायचं. मग एक तर तो गप्प बसे, नाही तर मी. नग न दाखवता ‘खराब आहे’ एवढंच म्हटलं असतं तर मला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं.

गेल्या दिवाळीत मुलीसाठी १२५ सीसीची मोटरसायकल घ्यायची ठरवली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता, त्यामुळे शोरूममध्ये ही गर्दी. सेल्सच्या मुलाने व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीमागे एकच आकडा लिहून दिला आणि खाली लिहिलं ‘ऑन-रोड’. फोड करून मागितल्यावर त्याचा चेहरा जरा उतरला. फोड आली. एक्स-शोरूम, आरटीओ, इन्शुरन्स, इथपर्यंत ठीक. त्याखाली ‘हँडलिंग’ आणि त्याखाली ‘ऍक्सेसरीज किट, कंपल्सरी’.

हँडलिंग म्हणजे काय, असं विचारलं. “आरटीओचं सगळं काम आम्हीच करतो ना मॅडम.” आता नव्या गाडीचे कागद डीलर ऑनलाइन चढवतो, टॅक्स ऑनलाइन भरला जातो, संगम पुलाजवळ रांगेत कोणी उभं राहत नाही. नंबर प्लेटसुद्धा १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना कंपनीकडूनच द्यायची आहे. डीलरने गाडी विकायची तर ती हाताळणं हा त्याचा धंदाच झाला, त्याचे वेगळे पैसे कसले? मोटार वाहन कायद्यात या रकमेला कुठेही आधार नाही.

किटमध्ये काय काय आहे ते पाहिलं तर साडी गार्ड, मागे बसणाऱ्याने धरायचा हँडल, सीट कव्हर, फूटरेस्टचे रबर आणि एक हेल्मेट. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की मोटरसायकलला मागच्यासाठी पक्की पकड हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारं संरक्षण हवं, कपडा चाकात अडकू नये म्हणून. म्हणजे साडी गार्ड आणि हँडल या हौसेच्या वस्तू नव्हेत, त्यांच्याशिवाय गाडी पुरी होतच नाही. १३८ व्या नियमात दुचाकीसोबत हेल्मेट देण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. पुण्यात हेल्मेटसक्तीवरून काय काय रामायण झालंय ते आपण सगळे जाणतो, पण शोरूममध्ये तेच हेल्मेट पैसे घेऊन विकलं जातं यावर कधी मोर्चा निघालेला मी तरी पाहिला नाही.

मी नियमांचे प्रिंट सोबत नेले होते. मॅनेजर आले, वाचले, “तुमच्यासाठी ऍडजस्ट करतो,” म्हणाले. तुमच्यासाठी! हँडलिंग गेलं, गार्ड-हँडल-हेल्मेटचे पैसेही उतरले. सीट कव्हर तेवढं राहिलं, कारण मुलीला त्याचा रंग आवडला. शेजारच्या टेबलावर एक नवं जोडपं कर्जाच्या कागदांवर सह्या करत होतं. त्यांच्या कागदावरही तेच किट, तेच हँडलिंग. तिथला मुलगा त्यांना समजावत होता, “हप्त्यात महिन्याला पन्नास-साठ रुपयांचाच फरक पडतो, कळत पण नाही.” खरं आहे. कळू नये म्हणूनच ते तिथे घातलेलं असतं.

विम्याचंही तसंच. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो, त्यात वाद नाही. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा एक वर्षाचा घेता येतो, आणि दोन्ही कुठल्या कंपनीकडून घ्यायचे ते गिऱ्हाइकाने ठरवायचं. शोरूमवाले हे नाकारत नाहीत. ते फक्त म्हणतात, “बाहेरून आणलात तर डिलिव्हरीचं काही सांगता येणार नाही.” मुहूर्त तोंडावर असलेल्या माणसाला एवढं पुरतं.

पण विकतानाची ही लूट एकदाची असते. सर्व्हिसिंगचं दुखणं वर्षानुवर्षं चालतं.

माझी स्वतःची एक मोटरसायकल आहे, २०२१ ची. हो, माझीच. या वयात स्कूटर का नाही, हा प्रश्न सर्व्हिस सेंटरमध्ये मला विचारून झालेला आहे. गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला टाकली. तिथे एसी, सोफा, कॉफीचं मशीन आणि एक मोठी काच. काचेपलीकडे गाड्या आणि फिटर. अलीकडे आपण आणि सर्व्हिस ऍडव्हायझर. फिटर आपल्याशी बोलत नाही, आपल्याशी बोलतो तो ऍडव्हायझर, आणि त्याच्या हाताला ग्रीस लागलेलं मी कधी पाहिलं नाही. त्याने जॉब कार्ड छापून पुढे केलं. “मागचे लायनर गेलेत मॅडम, चेन-स्प्रॉकेट पण बदलावं लागेल. इंजिनात ऍडिटिव्ह टाकतो, बॉडीला टेफ्लॉन मारतो. सही करा. सरांना विचारायचं असेल तर फोन लावा.”

मी काचेतून पाहिलं. माझी गाडी अजून पार्किंगमध्येच होती. माझं हेल्मेट आरशाला तसंच अडकवलेलं. कोणी चाकाला हात लावला नव्हता, किक मारली नव्हती, आणि कागदावर लायनर रिजेक्ट!

लायनर म्हणजे ब्रेकच्या ड्रममध्ये घासून झिजणारं अस्तर. बऱ्याच गाड्यांच्या मागच्या ड्रमवर, ब्रेकचा रॉड जिथे जोडलेला असतो तिथल्या पट्टीला एक छोटा बाण असतो आणि ड्रमच्या प्लेटवर एक खूण. पायाने ब्रेक पूर्ण दाबायचा. बाण खुणेला भिडला तर लायनर संपले. भिडला नाही तर आहेत. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तकात चित्रासकट दिलेलं असतं, ते पुस्तक आपण सीटखाली टाकतो आणि विसरतो. मी ऍडव्हायझरला गाडीपाशी घेऊन गेले, त्याला ब्रेक दाबायला लावला आणि वाकून बाण दाखवला. बाण आणि खूण यांच्यात चांगली फट होती. मग चेन. मागच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेनच्या दातेरी चकतीच्या, अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी धरून मागे ओढायची. दाताच्या निम्म्यापर्यंत उचलली गेली तर जोडी संपली समजायचं. शिवाय झिजलेले दात एका बाजूला वाकडे, आकड्यासारखे होतात. माझी चेन जेमतेम हलली, दात सरळ होते. सैल होती, कोरडी होती, एवढंच. ताणायची आणि तेल द्यायचं, संपलं काम.

तोवर एक फिटर हात पुसत बाहेर आला होता. वीस-बावीसचा पोरगा. तो बाण त्याला माहीत होता. तो काही बोलला नाही, ऍडव्हायझरकडे बघून नुसता हसला.

ऍडव्हायझरला मी लुटारू म्हणणार नाही. कॅश काउंटरमागच्या भिंतीवर पांढरा बोर्ड होता. वर ऍडव्हायझर लोकांची नावं, खाली रकाने: ऍडिटिव्ह, टेफ्लॉन, चेन क्लीन, प्रत्येकापुढे टार्गेट आणि झालेला आकडा. याच्या रकान्यांत लाल शाई जास्त होती. गाडी बरी झाली की नाही, याचा रकाना त्या बोर्डावर नव्हता. ‘फ्री’ सर्व्हिसमध्ये फुकट असते ती मजुरी. ऑइल, फिल्टर आणि ही सगळी रंगरंगोटी आपल्याच बिलात. ती मजुरी भरून काढायला हा बोर्ड, असा माझा अंदाज.

मग गल्लीतला मिस्त्री बरा का? बरा, आणि नाहीही.

आमच्याकडचा मिस्त्री लूना आणि चेतकवर शिकलेला. आकुर्डीत चेतक बनायची आणि पुण्यात कोपऱ्या-कोपऱ्यावर तिला उघडणारा कोणी ना कोणी असायचा, त्या पिढीतला. तो गाडी आपल्यासमोर उघडतो. काढलेला पार्ट पायरीवर जुन्या पेपरवर ठेवतो आणि म्हणतो, “काकू, ही क्लच प्लेट बघा, जळलीये.” प्लेट हातात घेतली की वास येतोच. मला त्याच्यावर विश्वास ठेवावा लागत नाही, कारण जळलेली प्लेट माझ्या हातात असते. पण १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचा बीएस-६ हा नवा निकष आला, कार्बोरेटर जाऊन छोट्या गाड्यांतही फ्युएल इंजेक्शन आलं. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटला की तो म्हणतो, “हे आता कॉम्प्युटरवाल्याकडे.” कार्बोरेटरचा जेट फुंकून गाडी चालू करणाऱ्या हाताला स्कॅनर हवा झाला. स्वस्तातला स्कॅनर काही गाड्यांचे बिघाडाचे कोड वाचतो, काहींचे नाही. म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा त्या काचेकडे.

आणि त्याचं बिल? नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या बाजारातून पार्ट आणला, ‘ओरिजिनल आहे’, एवढं तोंडी. एका क्लच केबलवर असंच तोंडी ओरिजिनल मिळालं आणि ती ऐन नवले पुलाच्या, अपघातांनी कुप्रसिद्ध असलेल्या उतारावर तुटली. त्या उतारावर पुणेकर काय अनुभवतात, ते मी लिहायला नको. केबलचं खोकं मागितलं तर, “टाकून दिलं, काकू.” खोक्यावर पार्ट नंबर असतो, एमआरपी असते, मोठ्या कंपन्यांच्या मालावर होलोग्राम असतो. नाना पेठेत ओरिजिनल मिळतं, तसंच हुबेहूब डुप्लिकेटही मिळतं, आणि दुकानदार विचारतो तरी, “कुठलं देऊ?” मिस्त्री आपल्याला तेही विचारत नाही. पक्कं बिल मागितलं की तो दुखावतो, जणू आपण त्याच्या इमानावर शंका घेतली. बिल न देणं हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथेत मोडतो, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

माझं मागणं शोरूम आणि गल्ली दोघांकडे एकच आहे. बदललेला प्रत्येक पार्ट, नव्याच्या खोक्यासह, गिऱ्हाइकाच्या हातात द्या. बिलावर पार्ट नंबर आणि बदलण्याचं कारण लिहा. ‘झिजला’ नको, किती झिजला ते लिहा. लायनर बदलले तर बाण कुठे होता ते मोबाइलवर फोटो काढून पाठवायला दोन मिनिटं लागत नाहीत. सर्व्हिस सेंटरच्या काचेला एक दार ठेवा आणि पिवळा जाकीट घालून गिऱ्हाइकाला आत उभं राहू द्या. आमच्या कारखान्यात ऑडिटला परदेशी पाहुणे जाकीट घालून फिरायचे, कोणाच्या अंगावर प्रेस मशीन पडलं नाही.

आणि शोरूमच्या दर्शनी भागात ऑन-रोड किमतीची फोड मराठीत लावा, ओळीने. सक्तीचं काय आणि ऐच्छिक काय, ते वेगळ्या रंगात. याला नव्या कायद्याची गरज नाही. आरटीओने आपल्या तपासणीत हे एवढं पाहिलं तरी पुष्कळ होईल.

तोवर ज्याच्यावर वेळ येईल त्याने १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. बिल, जॉब कार्ड आणि व्हिजिटिंग कार्डावरचा आकडासुद्धा जपून ठेवावा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जायला हवं. ज्या गावात १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू झाली, तिथे माणसं हँडलिंगचे पैसे “जाऊ दे, शुभकार्य आहे” म्हणून भरतात, याचं मला फार नवल वाटतं.

संपादक महाराज, एक विनंती. वाचकांकडून दुचाकी खरेदीच्या आणि सर्व्हिसिंगच्या बिलांच्या प्रती मागवा आणि त्यातल्या काही महिनाभर, दुकानाचं नाव झाकून, याच पानावर छापा. सुरुवात म्हणून माझी दोन बिलं आणि ते जॉब कार्ड या पत्रासोबत जोडलं आहे. त्यावरची नावं मी मार्करने खोडली आहेत. त्या दुकानांपैकी कोणाला खुलासा करायचा असेल तर त्यांनी आपल्याकडे लिहावं, मी मूळ कागद घेऊन आपल्या कार्यालयात येईन.

आपली,
एक वाचक
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)
कर्वेनगर, पुणे