साहेब, हा आमचा चौथा बुधवार

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,

सप्रेम नमस्कार. आपण कामात असता, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं. जमेलसं वाटत नाही.

परवाच्या बुधवारी पहाटेच्या एसटीने मी, माझा दहावीतला मुलगा आणि आई जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. मुलाची अध्ययन अक्षमतेची फेरतपासणी आणि आईच्या विसरण्याची चाचणी करायची होती. "बुधवारी या, नक्की होईल," हे शब्द तिथलेच. खिडकीवर कळलं, मानसशास्त्रज्ञ मॅडमचा करार संपला. नवीन कधी येणार? "वरून ऑर्डर आली की." हा चौथा बुधवार. भाडं, वडापाव, बंद दुकान धरून सात-आठ हजार गेले. हिशेब तोंडी आहे, हवे तर पाचशे कमी करा.

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. सबमर्सिबलच्या कॉइलचे टर्न पोरगा न चुकता मोजतो. पण 'बदक'चं 'दबक' वाचतो, आणि वेलांटी कुठल्या बाजूला हे ठरेपर्यंत वर्गाने पान उलटलेलं असतं. नवव्या वर्षी त्याला प्रमाणपत्र मिळालं. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांत होतं, चौदाव्या वर्षी पुन्हा तपासायचं, अठराव्या वर्षी पुन्हा. तपासा ना, आमची कुठे ना आहे? शाळा म्हणते नवा कागद आणा, नाहीतर सवलतीचा प्रस्ताव बोर्डाकडे जाणार नाही. म्हणजे लेखनिक नाही, जादा वेळ नाही. बोर्डाचा पेपर काही ऑर्डर येईपर्यंत थांबत नाही.

मी स्वतः दहावीला दोनदा गचकलो. मास्तर गाढव म्हणाले, वडिलांनी पट्टा काढला, पुढे मीही तेच धरून चाललो. पोराला पहिल्यांदा तपासलं तेव्हा मॅडमनी सहज विचारलं, "घरात आणखी कुणाला असं?" मी काही बोललो नाही. बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं.

आईची चाचणी पहिल्या बुधवारी अर्धी झाली होती. शंभरातून सात वजा करत जा म्हणाले. चौथी शिकलेली बाई, तिने विचारलं, "कशाचे सात?" तारीख सांगता आली नाही. काल एकादशी झाली हे बरोबर सांगितलं, त्याला गुण नाहीत. घरी मात्र दूध उतू जाऊन पातेलं काळं होतं तरी गॅस आपणच लावलाय हे तिच्या ध्यानात नसतं. हे वयाचं की आजाराचं, एवढंच कुणीतरी सांगा. साठीपुढचे ८८ लाख लोक देशात स्मृतिभ्रंश घेऊन जगतात असा अंदाज वाचला. आमच्या जिल्ह्यात त्या सगळ्यांसाठी खुर्ची एक, तीही रिकामी.

खासगीत गेलो. आकडा ऐकून उठलो. वर त्यांनीच प्रेमाने सांगितलं, आमचा रिपोर्ट सरकारी बोर्ड मानेलच असं नाही.

२०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे ७ चे २१ प्रकार केले. २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचं वेगळं खातं काढलंत, टाळ्या आम्हीही वाजवल्या. आता शाळा आरोग्याकडे बोट दाखवते, आरोग्य दिव्यांग कल्याणाकडे, दिव्यांग कल्याण ऑनलाइन प्रमाणपत्राच्या पोर्टलकडे. पोर्टलला बोट नाही म्हणून गाडी तिथे थांबलीय. माणसं अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर नेमायची, ती गेली की पुढची जाहिरात निघेपर्यंत पोरांनी दहावी थांबवायची आणि म्हाताऱ्यांनी विसरणं थांबवायचं, असं आहे का? पूल पडला तर निदान फोटो तरी येतो.

पुढच्या बुधवारी आम्ही परत येऊ. जागा भरली नसेल तर खिडकीवर तेवढी चिठ्ठी आदल्या दिवशीच लावा, तिथल्या माझ्या एका गिऱ्हाइकाला बघून फोन करायला सांगितलंय. अक्षर मोठं काढा, जोडाक्षरं कमी ठेवा. वाचणारे आमच्यासारखेच असतात.

आपला,
एक मोटार रिवाइंडिंगवाला
(दहावी नापास)