हॅम्बुर्गहून पत्र: आजोबांची लढाई

हॅम्बुर्ग, नोव्हेंबर

प्रिय अव्या,

सप्रेम नमस्कार. वहिनींचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला.

तू विचारलंस, इथले म्हातारे हिटलरच्या लढाईबद्दल बोलतात का. बोलायचे, भरपूर बोलायचे. आता लढलेला माणूस हयात असलाच तर नव्वदी ओलांडलेला, त्यामुळे मुलं-नातवंडंच बोलतात. पण कशाबद्दल बोलतात ते ऐक.

आमच्या पहिल्या घरमालकीणबाईंचे यजमान रशियातल्या लेनिनग्राड शहराच्या वेढ्यात होते, म्हणजे वेढा घालणाऱ्यांत. मी राहायला गेलो तेव्हा ते गेलेले होते, गोष्टी मात्र शिल्लक होत्या. हाडं फोडणारी थंडी, पायाची दोन बोटं गेली, घोड्याचं मांस खाऊन दिवस काढले. १९४१-४२ च्या त्या हिवाळ्यासाठी एक पदक मिळालं होतं. सैनिक आपसांत त्याला ‘गोठलेल्या मांसाचं पदक’ म्हणत. बाई ते काढून दाखवायच्या. त्यावर स्वस्तिक नव्हतं. पश्चिम जर्मनीने १९५७ साली कायदा करून जुनी पदकं स्वस्तिकाशिवाय लावायला परवानगी दिली, तेव्हाचं ते नवं करून घेतलेलं. पदक ठेवायचं, चिन्ह तेवढं काढायचं! मला तर यात सगळं आलं असं वाटतं.

आणि त्या भुकेच्या, थंडीच्या कहाण्यांत वेढ्याच्या आतलं शहर कुठेच नव्हतं. तिथे निदान आठ लाख नागरिक मेले, बहुतेक अन्नावाचून, आणि शहर उपाशी मारायचं हाच वरचा बेत होता. बाई खोटं बोलत होत्या असं मी म्हणणार नाही. नवऱ्याने जेवढं घरी आणलं, तेवढंच त्यांच्यापाशी होतं.

घरोघरी असंच. स्टालिनग्राडला सुमारे ९०,००० जर्मन सैनिक रशियनांच्या हाती कैद झाले, त्यातले जेमतेम ६,००० परतले. काही कैदी तर दहा वर्षांनी, पश्चिम जर्मनीचे चान्सेलर आडेनाउअर १९५५ मध्ये मॉस्कोला जाऊन आल्यावर सुटले. आमच्या हॅम्बुर्गात जुलै १९४३ च्या बॉम्बवर्षावात तीस हजारांहून जास्त माणसं गेली. हे दुःख खरंच आहे, त्याला कोण नाही म्हणेल? पण त्याच्या आड बाकीचं दडून राहिलं. नाझी वाईट, एसएसवाले, म्हणजे नाझी पक्षाच्या खास सशस्त्र दलातले, वाईट, आमचे आजोबा मात्र साधे शिपाई, असा हिशेब. हाराल्ड वेल्त्सर नावाच्या अभ्यासकाने कुटुंबांच्या मुलाखती घेतल्या, तर नातवंडं आजोबांना त्यांनी स्वतः सांगितलं त्याहूनही चांगलं करून सांगतात असं दिसलं. गंमत म्हणजे हीच नातवंडं शाळेत सगळा इतिहास नीट शिकलेली असतात.

ही घडी विस्कटली १९९५ मध्ये, ती इथूनच. हॅम्बुर्गच्या एका संशोधन संस्थेने वेअरमाख्टच्या, म्हणजे नियमित सैन्याच्या गुन्ह्यांवर प्रदर्शन मांडलं. त्यातले कित्येक फोटो शिपायांनीच काढलेले होते. प्रदर्शन गावोगाव फिरलं. लोक आजोबांचा चेहरा शोधत फोटोंपुढे उभे राहायचे. म्युनिकमध्ये मोर्चे निघाले, झारब्रुकेनला बॉम्ब फुटला. काही फोटोंखालच्या माहितीच्या ओळी चुकीच्या निघाल्या म्हणून १९९९ मध्ये ते थांबवावं लागलं. इतिहासकारांच्या समितीने तपासलं तर चौदाशेवर फोटोंपैकी वीसही चुकीचे नव्हते, आणि मूळ मुद्दा बरोबर होता.

याच प्रदर्शनावरून मार्च १९९७ मध्ये संसदेत चर्चा झाली. स्वतः लढलेले खासदार आल्फ्रेड ड्रेगर सैनिकांची बाजू मांडायला उभे राहिले. मग दुसरे खासदार ओटो शिली आपल्याच घरच्यांबद्दल बोलू लागले: काका हवाई दलात अधिकारी, भाऊ रशियात जबर जखमी, आणि सासरे ज्यू पार्टिझान, म्हणजे गनिमी काव्याने जर्मन सैन्याविरुद्ध लढलेले. न्याय्य कारणासाठी लढले ते एकटे सासरेच, असं त्यांनी सांगितलं. बोलताना त्यांना रडू आवरेना. आपल्याकडच्या कुठल्या सभागृहात असं काही झाल्याचं तुला आठवतं का? मला नाही.

तुझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून इटलीत लढले, म्हणून सांगतो: ‘आमचे आजोबा फक्त इटलीत होते’ हेही इथे ऐकायला मिळतं, जणू सहलीलाच गेले होते. त्याच इटलीत, मार्झाबोत्तोच्या डोंगरांत, १९४४ च्या शरदात जर्मन तुकड्यांनी सातशेहून अधिक गावकरी मारले, बरेचसे बायका-मुलं.

आणि जे लढायला नाही म्हणाले त्यांचं काय झालं? लुडविग बाउमान हॅम्बुर्गचाच. १९४२ मध्ये बोर्दोहून पळाला, पकडला गेला, मृत्युदंड ठोठावला. शिक्षा बदलली होती, पण ते त्याला कळवलंच नाही. बेड्यांत महिनोन्‌महिने रोज सकाळी मरणाची वाट बघत बसला. युद्धानंतर गावाने त्याला भित्रा, गद्दार म्हटलं. संसदेने पळपुट्या सैनिकांच्या शिक्षा सरसकट रद्द केल्या त्या २००२ मध्ये. दामटोर स्टेशनजवळ १९३६ चं सैनिक-स्मारक आहे, देश जगावा, आम्ही मेलो तरी चालेल अशा ओळीचं. त्याच्या शेजारी २०१५ मध्ये या पळालेल्यांचं स्मारक झालं. जुनं पाडलेलं नाही. मला ते बरं वाटतं, बायकोला मुळीच पटत नाही.

घरमालकीणबाईंच्या नातवाने आता बर्लिनच्या सरकारी अभिलेखागाराकडे आजोबांच्या नोंदीसाठी अर्ज केलाय. तुकडी कळेल, तारखा कळतील, जखमांची नोंद असली तर तीही. आईला हे अजिबात मान्य नाही. मेलेल्या माणसाची चौकशी कशाला, म्हणते. मायलेकांचं सध्या जेवणाच्या टेबलावरसुद्धा बोलणं नाही. मी मध्ये पडलेलो नाही.

काकूंना नमस्कार, वहिनींना जपायला सांग.

तुझा,
मिलिंद